गाळ सरकारचा, हिशेब कुणाचा?

एखाद्या खासगी कारखान्याने खाडीत घाण सोडली, तर पुढे काय व्हावे हे निदान तत्त्वतः आपल्याला ठाऊक असते. ज्याने घाण केली त्याने ती निस्तरावी. आपल्याकडे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात कलम २० मध्ये हे तत्त्व लिहूनच ठेवले आहे. पण घाण करणारा कारखाना सरकारचाच असेल तर? नियम करणारे सरकार, परवाना देणारे सरकार, तपासणी करणारे सरकार आणि धुराडे चालवणारेही सरकार. कुंपणानेच शेत खाल्ले, तर नुकसानभरपाई कुंपणाकडून कशी वसूल करायची?

कायदा शिकवण्याच्या वर्षांत हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी अनेकदा विचारला. "मॅडम, सरकारने सरकारला दंड केला, तर पैसे जातात कुठे?" प्रश्नात चेष्टा असे, पण मर्मही असे. पैसे या खिशातून त्या खिशात जातात आणि दोन्ही खिसे करदात्याच्या सदऱ्यालाच शिवलेले असतात. मग सरकारची जबाबदारी ठरवण्याचा खटाटोप तरी कशासाठी? रक्कम मंजूर करावी आणि गाळ उपसावा, एवढे पुरे नाही का?

पुरे नाही, असे माझे मत आहे. ते पटवून देण्यासाठी मी कॅनडातल्या दोन बंदरांची हकीकत सांगणार आहे. देश एकच आणि कायद्याची मूळ परंपराही आपल्यासारखी ब्रिटिश. दोन्ही ठिकाणी बंदराच्या तळाशी विषारी गाळ साचला होता आणि दोन्ही ठिकाणी त्या उद्योगाची मालकी दीर्घकाळ सरकारकडे होती. हिशेब मात्र दोन वेगळ्या पद्धतींनी मिटवला गेला. एका ठिकाणी रक्कम ठरली, दुसऱ्या ठिकाणी कर्तव्य ठरले. सारा फरक त्यातून पडला.

राजा चुकत नाही

आधी थोडे कायद्याबद्दल. इंग्रजी कायद्यात राजा चूक करूच शकत नाही, असा जुना सिद्धांत होता. राजाच्या न्यायालयात राजावर दावा चालणार तरी कसा? ब्रिटनने १९४७ मध्ये आणि कॅनडाच्या केंद्र सरकारने १९५३ मध्ये कायदे करून ही ढाल बरीचशी खाली ठेवली. भारतात मात्र तिला पहिली भेग त्याआधीच पडली होती, आणि गंमत म्हणजे ती एका गोदीच्या दारात पडली.

कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी कामगार आगबोटीच्या दुरुस्तीसाठी लोखंडाचा अवजड तुकडा रस्त्यावरून नेत होते. समोरून पेनिन्शुलर अँड ओरिएंटल कंपनीची घोडागाडी आली. गडबडीत लोखंड खाली पडले, आवाजाने घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीने सरकारवर ३५० रुपयांचा दावा लावला. १८६१ मध्ये सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी निकाल दिला की जहाजदुरुस्ती हे काही राजसत्तेचे खास काम नाही. असे काम कोणताही व्यापारी करू शकतो, म्हणून सरकारने व्यापाऱ्यासारखीच भरपाई द्यावी. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० मधून हीच परंपरा आपल्या कायद्यात उतरली. सरकार राज्य करते तेव्हा त्याला संरक्षण मिळू शकते, धंदा करते तेव्हा नाही, असा तो भेद आहे.

कॅनडात हा भेद वेगळ्या शब्दांत मांडला जातो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये 'जस्ट' खटल्यात सांगितले की सरकारच्या धोरणात्मक निर्णयांबद्दल न्यायालय भरपाई लावणार नाही, मात्र धोरण राबवताना झालेल्या निष्काळजीपणाबद्दल लावू शकेल. कागदावर हे सोपे दिसते. पण तोट्यात चाललेला पोलादाचा कारखाना कामगारांच्या नोकऱ्यांसाठी चालू ठेवणे हे धोरण म्हणायचे, की रोजचा कारभार? इथेच पहिल्या बंदराची हकीकत सुरू होते.

सिडनी : रकमेचा करार

हे सिडनी ऑस्ट्रेलियातले नव्हे. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया प्रांत आहे. त्यातल्या केप ब्रेटन बेटावरचे हे छोटे शहर. अलीकडच्या वर्षांत केप ब्रेटन विद्यापीठामुळे भारतीय विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येने गेले. ज्या हिरव्या बागेत आज ते संध्याकाळी फिरू शकतात, तिच्या मातीखाली ही गोष्ट पुरलेली आहे.

बेटावर कोळसा मुबलक होता. बॉस्टनचे भांडवलदार हेन्री व्हिटनी यांनी १८९९ मध्ये इथे पोलाद कंपनी काढली आणि १९०१ पासून पोलाद निघू लागले. पोलादासाठी कोक लागतो. कोक म्हणजे हवा न लागू देता भाजलेला कोळसा. तो भाजताना डांबर, बेंझिन आणि इतर अनेक विषारी रसायने सुटतात. कोकभट्ट्यांचे सांडपाणी ओढ्यातून मगाह खाडीत जाई आणि तिथून भरती-ओहोटीबरोबर सिडनी बंदरात. दोन महायुद्धांत या पोलादाला मोठी मागणी होती. गाळाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

१३ ऑक्टोबर १९६७, शुक्रवार. कारखान्याच्या त्या वेळच्या ब्रिटिश मालकांनी तो बंद करण्याची घोषणा केली. त्या गावात कारखाना बंद होणे म्हणजे गावच बंद होणे. नोव्हेंबरमध्ये सुमारे २० हजार लोकांनी मोर्चा काढला आणि प्रांत सरकारने कारखाना ताब्यात घेतला. कोकभट्ट्या १९६८ ते १९७३ या काळात केंद्र सरकारच्या 'डेव्हको' या महामंडळाने चालवल्या, नंतर त्याही प्रांताच्या कंपनीकडे गेल्या. म्हणजे सरकार इथे खलनायक म्हणून आले नाही. लोकांच्या हाकेला ओ देऊन आले. परंतु ज्या दिवशी त्याने भट्ट्यांच्या किल्ल्या हातात घेतल्या, त्या दिवसापासून त्यांतून निघणाऱ्या डांबराचा मालकही तेच झाले. ही गुंतागुंत विसरून सरकारी जबाबदारीचा विचार करता येत नाही.

१९८० च्या सुमारास केंद्र सरकारच्या तपासणीत सिडनी बंदरातल्या शेवंडांमध्ये पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन या गटातली कर्करोगकारक रसायने सापडली. १९८२ मध्ये बंदराच्या दक्षिण भागातली शेवंडांची मासेमारी बंद झाली. कोकभट्ट्या १९८८ मध्ये विझल्या. मागे उरला सुमारे सात लाख टन गाळ. त्यात ही रसायने होती आणि काही जागी पीसीबी ही अत्यंत चिवट विषारी द्रव्येही होती.

मग उपायांची रांग लागली. १९८६ मध्ये केंद्र आणि प्रांत यांनी करार केला. गाळ उपसून नळाने भट्टीपर्यंत न्यायचा आणि जाळायचा. भट्टी बांधून झाली, पण गाळ इतका दाट निघाला की नळातून नीट वाहेना. त्यातच पीसीबीचे साठे सापडले आणि योजना बारगळली. १९९६ मध्ये प्रांताने गाळ तिथेच मळीखाली पुरण्याचा प्रस्ताव मांडला, लोकांनी तो हाणून पाडला. त्यानंतर रहिवासी आणि तिन्ही स्तरांवरची सरकारे यांची संयुक्त समिती नेमली गेली. कोकभट्ट्यांच्या जागेला लागून असलेल्या फ्रेडरिक स्ट्रीटवर विषारी द्रव झिरपू लागला, तेव्हा १९९९ मध्ये तिथल्या कुटुंबांना हलवावे लागले. २००१ च्या मे महिन्यात पर्यावरण कार्यकर्त्या एलिझाबेथ मे यांनी या प्रश्नासाठी ओटावाच्या संसद भवनासमोर १७ दिवस उपोषण केले. याच मे पुढे कॅनडाच्या ग्रीन पार्टीच्या नेत्या झाल्या.

अखेर १२ मे २००४ रोजी तोडगा निघाला. एकूण ४० कोटी डॉलर. त्यांपैकी केंद्राचे २८ कोटी आणि प्रांताचे १२ कोटी. केंद्राचा वाटा ७० टक्के आणि प्रांताचा ३०. हे प्रमाण मला या प्रकरणात सर्वांत बोलके वाटते. कारखाना तीन दशकांहून अधिक काळ प्रांताकडे होता आणि केंद्राच्या महामंडळाने कोकभट्ट्या चालवल्या त्या जेमतेम पाच-सहा वर्षे. तरी केंद्राने अधिक भार उचलला, कारण केंद्राची तिजोरी मोठी होती. वाटप ऐपतीप्रमाणे झाले. कुणी किती घाण केली याचा निवाडा त्यात नव्हता. भावाभावांनी वडिलांचे कर्ज फेडावे, पण ते कुणी काढले होते हा विषय मात्र काढू नये, तसा हा प्रकार.

व्यवहार म्हणून हा करार वाईट नव्हता. दोन्ही सरकारे दोषाच्या टक्केवारीवर भांडत बसली असती, तर गाळ आजही तिथेच असता. सुनावण्या होऊन २००७ मध्ये पद्धत निश्चित झाली. जाळण्याचा बेत सोडून दिला. गाळात जागेवरच सिमेंट कालवून तो घट्ट केला, त्यावर आच्छादनाचे थर आणि माती घातली. ऑगस्ट २०१३ मध्ये त्या परिसरात 'ओपन हार्थ पार्क' ही बाग खुली झाली. हार्थ म्हणजे पोलादाची भट्टी. नावापुरती तिची आठवण राहिली.

न्यायालयाच्या दारात

जमिनीचा प्रश्न सुटला. माणसांचा?

करार झाला त्याच २००४ सालात कारखान्याजवळच्या काही रहिवाशांनी केंद्र आणि प्रांत या दोन्ही सरकारांवर सामूहिक दावा दाखल केला होता. त्यांचे म्हणणे साधे होते. सरकारने चालवलेल्या भट्ट्यांमधून आमच्या घरांवर आणि अंगणांत विष पडले. आमच्या मालमत्तेची सफाई करा आणि आमच्या आरोग्यावर वैद्यकीय लक्ष ठेवण्याची सोय करा. प्रांतातल्या न्यायालयाने दावा सामूहिकरीत्या चालवायला आधी परवानगी दिली. डिसेंबर २०१३ मध्ये, म्हणजे बाग खुली झाल्यानंतर चारच महिन्यांनी, अपील न्यायालयाने ती रद्द केली. कुणाच्या घरावर किती विष पडले, ते कुठून आले, कुणाला किती झळ बसली, हे प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे सर्वांचा निकाल एकत्र लावता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकून घेण्यास नकार दिला.

कायद्याच्या दृष्टीने या निकालाला चूक म्हणणे कठीण आहे. आपल्याकडच्या न्यायालयातही कार्यकारणभाव सिद्ध करावाच लागतो. पण परिणाम पाहा. ४० कोटी डॉलर खर्च झाले, आणि तरी सरकारने शेजाऱ्यांचे देणे लागते की नाही, या प्रश्नाचे उत्तर कुठल्याच कागदावर उमटले नाही. करारात नाही, कारण तो दोन सरकारांमधला होता आणि रहिवासी त्यात पक्ष नव्हते. न्यायालयातही नाही, कारण दावा गुणदोषांच्या पायरीपर्यंत पोहोचलाच नाही. तो निकाल 'सरकार निर्दोष' असा नव्हता. पण सामान्य माणसापुरता अर्थ तोच निघाला, कारण एकट्याने असा दावा लढवणे कुणाला परवडणार?

पोर्ट होप : कर्तव्याचा करार

आता दुसरे बंदर. टोरंटोच्या पूर्वेला सुमारे १०० किलोमीटरवर, ओंटारिओ सरोवराच्या काठी पोर्ट होप हे टुमदार गाव आहे. कॅनडाच्या उत्तरेत ग्रेट बेअर सरोवराजवळ गिल्बर्ट लाबाईन यांना १९३० मध्ये पिचब्लेंड हे खनिज सापडले. त्यातून रेडियम काढण्याचा एल्डोरॅडो कंपनीचा कारखाना १९३० च्या दशकात पोर्ट होपच्या बंदराकाठी सुरू झाला. तेव्हा रेडियम हे कर्करोगावरचे मोलाचे औषध होते, आणि युरेनियम जवळजवळ टाकाऊ. दुसऱ्या महायुद्धात हे मोल उलटे झाले. अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पासाठी युरेनियम हवे होते. कॅनडा सरकारने १९४२ पासून कंपनीचे भाग गुपचूप विकत घेतले आणि १९४४ मध्ये ती उघडपणे ताब्यात घेतली.

कारखान्याचा किरणोत्सारी कचरा बंदराच्या तळाशी, घळींमध्ये, गावाबाहेरच्या जागांवर पडत गेला. काही माती आणि जुने बांधकाम साहित्य तर घरांच्या भरावात वापरले गेले. १९७५ मध्ये गावातल्या एका शाळेत रेडॉन वायूचे प्रमाण इतके आढळले की शाळा रिकामी करावी लागली. नंतरच्या काही वर्षांत सुमारे एक लाख टन माती दूर चॉक रिव्हरला नेली गेली. उरलेल्या कचऱ्यासाठी सरकारने देशभर स्वेच्छेने जागा देणारे गाव शोधले. तो शोध १९९० च्या दशकात फसला. शेवटी पोर्ट होप आणि शेजारच्या स्थानिक संस्थांनीच सांगितले की आमचा कचरा आम्ही आमच्याच हद्दीत ठेवून घेतो, पण आमच्या अटींवर.

मार्च २००१ मध्ये केंद्र सरकार आणि तीन स्थानिक संस्था यांच्यात कायदेशीर करार झाला. त्यातल्या चार गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, ऐतिहासिक कचऱ्याची जबाबदारी केंद्राने स्वीकारली. कंपनी खासगी असताना साचलेला कचराही त्यात आला. दुसरी, सफाई करणे, कचऱ्यासाठी सुरक्षित टेकाड बांधणे आणि त्यानंतरही दीर्घकाळ त्याची देखभाल करणे हे केंद्राचे काम ठरले. तिसरी, या प्रकल्पामुळे कुणाच्या घराची किंमत विक्रीच्या वेळी घटली, तर भरपाई देणारी योजना सुरू झाली. चौथी, प्रत्येक स्थानिक संस्थेला एक कोटी डॉलरचे अनुदान मिळाले.

त्या वेळी खर्चाचा अंदाज २६ कोटी डॉलर होता. प्रत्यक्ष मोजमाप झाले तेव्हा तो तोकडा पडला आणि जानेवारी २०१२ मध्ये केंद्राला १२८ कोटी डॉलर जाहीर करावे लागले. जवळजवळ पाचपट. एखादा हिशेबनीस याला फसलेला अंदाज म्हणेल. मला त्यात कराराची ताकद दिसते. कराराचा विषय रक्कम नव्हता, काम होते. काम वाढले म्हणून पैसे वाढले. खर्चाची जोखीम गावावर न पडता ती घाण ज्याच्या नावावर होती त्याच्यावर पडली. बंदरातला गाळ काढण्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. घरांच्या अंगणांतली माती काढणे रेंगाळले. रस्ते खणलेले, ट्रकांची वर्दळ, झाडे तोडलेली, अशा अवस्थेत लोकांनी वर्षे काढली आणि कुरकुरही पुष्कळ झाली. पण कुरकुर कुणाकडे करायची, हे त्यांना कागदावर माहीत होते. सिडनीच्या शेजाऱ्यांना नेमके हेच मिळाले नाही.

या तुलनेला मर्यादाही आहेत. पोर्ट होपमध्ये कंपनीचा वारसा थेट केंद्राकडे आला होता, सिडनीत मालकांची साखळी लांब होती. किरणोत्साराचे उगमस्थान ओळखणे सोपे, डांबराचे अवघड. प्रत्येक ठिकाणी पोर्ट होपसारखा करार होऊ शकेल असे मी म्हणत नाही. पण कुठल्याही तोडग्यापुढे ठेवता येतील असे तीन प्रश्न यातून हाती येतात. करारात पैशाचा आकडा ठरला आहे की कामाची पूर्तता? ज्यांच्या दारात गाळ आहे, ते लोक त्या करारात पक्ष आहेत की नुसते प्रेक्षक? आणि पुरलेले विष पुढची पन्नास-शंभर वर्षे राखण्याचे काम कुणाच्या नावावर लिहिले आहे?

आपल्या काठावर

हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित न्यायाधिकरणाने घनकचरा आणि सांडपाणी यांची नीट व्यवस्था न लावल्याबद्दल महाराष्ट्र सरकारवर सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई लावली. ही रक्कम राज्याने स्वतंत्र खात्यात ठेवून सुधारणेच्याच कामांवर खर्च करावी, असा आदेश होता. म्हणजे पैसे देणारे राज्य आणि खर्च करणारेही राज्यच. याला हसणे सोपे आहे. पण आदेशाचे खरे मोल आकड्यात नाही. 'ही तुमची जबाबदारी होती आणि ती तुम्ही पार पाडली नाही' हे वाक्य सरकारच्या नावावर लिहिले गेले, यात ते आहे.

मुंबई बंदराचा काठ डोळ्यांसमोर आणा. केंद्राचे बंदर प्राधिकरण, नौदलाची गोदी, माहुलचे सार्वजनिक क्षेत्रातले तेलशुद्धीकरण कारखाने, तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र, महापालिकेची सांडपाण्याची व्यवस्था, आणि या सगळ्यांच्या मध्ये कोळीवाडे. त्या पाण्याच्या तळाशी काय साचले आहे याचा पुरा हिशेब उद्या कुणी मांडायचा ठरवला, तर समोर उभे राहणारे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या सरकारचेच असतील. ते आपापसांत टक्केवारी ठरवतील, रक्कम जाहीर होईल, कदाचित एखादी बागही होईल.

त्या बैठकीत कोळीवाड्याची खुर्ची असेल का, हे मात्र बैठक बोलावण्याआधीच ठरवावे लागते. सिडनीत ती नव्हती. पोर्ट होपमध्ये निदान गावाची तरी होती. सरकारचे दायित्व ठरवायचे ते खिसे बदलण्यासाठी नाही. उद्या आच्छादन फाटले, पाणी झिरपले, तर कुणाचे दार ठोठवायचे, हे काठावरच्या माणसाला कळावे यासाठी. पैसा करदात्याचाच जाणार आहे. निदान त्याच्या पावतीवर कर्तव्याचे आणि ते करणाऱ्याचे नाव असावे.